हप्ता कोणाचा, घर कोणाचे?

भाड्याने देण्यासाठी दुसरे घर घेणाऱ्याजवळ सारे भांडवल पदरचे असावे लागत नाही. बँक कर्ज देते, पहिले घर तारण ठेवूनही देते. मोठ्या इमारतीच्या मालकाला तर पुढे येणाऱ्या भाड्यावरही पैसा मिळतो. ठेवी सामान्यांच्या, हप्त्याला हातभार भाडेकरूचा, मालकी मात्र तिसऱ्याचीच!

करकायदाही याच मालकाचा कैवारी. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट, शिवाय कर्जाच्या व्याजाची. व्याजामुळे दिसणारा सारा तोटा पगारातून वजा करण्याची मुभा होती; २०१७ च्या अर्थसंकल्पाने तिला वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातली, एवढेच.

आणि घरभाडे भत्ता न मिळणारा भाडेकरू? २०१६ मध्ये त्याची सवलत महिना २,००० रुपयांवरून ५,००० वर नेण्यात आली. नव्या करपद्धतीत तीही उरली नाही. मालकाची भाड्यापुरती व्याजवजावट मात्र शाबूत आहे.

ज्याच्याकडे दोन घरे त्याला सवलत, ज्याच्याकडे एकही नाही त्याला उपदेश, हे गृहनिर्माणाचे धोरण नव्हे. सार्वजनिक पैसा सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या घरांत गुंतवा, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत गेले पाहिजे.