जोड द्या, पण मूळ तोडू नका

‘संगणकात तसंच दिसतंय’ हे वाक्य बँकेच्या काउंटरवर ऐकले नाही, असा शेतकरी वऱ्हाडात विरळाच. पण संगणक स्वतःहून काही ठरवीत नाही. व्याज काढण्याची ठरावीक कृती त्याला कोणीतरी लिहून दिलेली असते. तज्ज्ञ तिला ‘मेथड’ म्हणतात. मूळ आज्ञावली मोठ्या कंपनीची, सवलती मात्र सरकारागणिक निराळ्या. म्हणून मेथडला जोड द्यावी लागते. घोटाळा होतो तो या सांध्यावर.

पीककर्जाचेच पाहा. केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. मुदतीत फेडणाऱ्याला मिळणारी जादा सूट २००९-१० मध्ये १ टक्का होती, पुढच्या वर्षी २ आणि २०११-१२ पासून ३ टक्के झाली. म्हणजे १ लाखावर वर्षाचे ७ हजार व्याज ४ हजारांवर येते. त्यावर राज्याची सवलत वेगळी; तिला नाव आपल्या भाऊसाहेबांचे, डॉ. पंजाबराव देशमुखांचे.

आता एखाद्याने घाईघाईत मूळ मेथडची नक्कल केली आणि तिच्यातच १ टक्का लिहून टाकला, तर मूळ सुधारले तरी नक्कल जुनाच दर लावीत राहणार. दुसऱ्याने मूळ मेथडला न बोलावताच परस्पर हिशेब केला, तर आकडा येईल, पण तारखेची तपासणी गळून पडेल. तिसऱ्याच्या हातून एकच सूट दोनदा बसेल.

उपाय साधा आहे. मूळ मेथडला आधी तिचे काम पुरे करू द्यावे, मग तिच्या उत्तरावर आपली जोड द्यावी. मूळ अडले तर जोडही थांबावी. दर आज्ञावलीत कोरू नयेत. तारखांसह वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. नवी आवृत्ती आली की काही जुनी खाती पुन्हा चालवून उत्तरे हाताच्या हिशेबाशी ताडावीत. लेजर लिहिणाऱ्या पिढीला ही शिस्त ठाऊक होती: चुकलेली नोंद खरवडायची नाही, दुरुस्तीची नोंद वेगळी करायची.

सूट बसली नाही तर खात्यावर बाकी दिसते, माणूस थकबाकीदार ठरतो आणि ऐन मृगाच्या तोंडावर नवे कर्ज अडते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की अशी कोणतीही जोड अकोला-अमरावतीच्या शाखांत पीककर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने तपासल्याशिवाय चालू करू नये. प्रोग्रामरला आज्ञावली कळते. पेरणीची तारीख त्या अधिकाऱ्याला कळते.