समवन की समबडी?

परवा नातीचा फोन आला. "आजी, तू इंग्रजी शिकवायचीस ना? मग समवन आणि समबडीत फरक काय? आमच्या मिस म्हणाल्या, ओळखीचं माणूस असेल तर समवन आणि अनोळखी असेल तर समबडी."

ऐकलं आणि पोटात गोळाच आला. अगदी हाच 'नियम' मीही एकदा वर्गात सांगितला होता!

गोष्ट जुनी आहे. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली). मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. आठवीच्या चाचणीत 'दारात कोणीतरी आहे' याचं इंग्रजी विचारलं होतं. गाइडात समबडी होतं, एका मुलानं समवन लिहिलं. मी अर्धा गुण कापला. तो पेपर घेऊन आला, "बाई, हे चुकलं कसं?" मला ठाऊक नव्हतं. तसं सांगायचं सोडून मी उभ्या उभ्या नियम बनवला, आणि वर्गानं तो वहीत उतरवूनही घेतला.

खरं म्हणजे दोन्हींचा अर्थ एकच. एनीवन-एनीबडी, एव्हरीवन-एव्हरीबडी याही जोड्या तशाच. पूर्वी इंग्रजीत 'बॉडी' म्हणजे नुसतं माणूस, असाही अर्थ होता. (आपल्याकडे बॉडी एकतर तालमीतली नाहीतर इस्पितळातली!) लिहिताना समवन जास्त येतो, बोलताना समबडी, इतकंच. आपण 'कोणी' म्हणतो तसं 'कुणी'ही म्हणतो. त्यासाठी कधी कुणाचे गुण कापलेत का?

हं, एका ठिकाणी मात्र अदलाबदल चालत नाही. ज्याला कोणी विचारत नाही असा माणूस म्हणजे 'अ नोबडी'. ग्रोस्मिथ बंधूंचं १८९२ चं विनोदी पुस्तक आहे, 'द डायरी ऑफ अ नोबडी'. तिथे 'नो वन' घालून बघा, नावच मोडतं.

माझं मत विचाराल तर मुलांचा घाम काढायचाच असेल तर तो समवन आणि एनीवन यांवर काढावा. 'समवन कॅन डू इट' म्हणजे हे करू शकणारं कोणीतरी आहे. 'एनीवन कॅन डू इट' म्हणजे हे कोणीही करील. पहिल्यात त्या कोणातरीचा मान आहे, दुसऱ्यात काम किरकोळ ठरतं. इथे चुकलं तर अर्थ बदलतो, इथे खुशाल गुण कापा. पण जिथे फरकच नाही तिथे तो तयार करून शिकवणं... मी तेच केलं, आणि तेही केवळ वर्गापुढे मान खाली जाऊ नये म्हणून. तो मुलगा आता पन्नाशीत असेल.

असो. नातीला हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली, "ते ठीक आहे गं आजी, पण परीक्षेत काय लिहू? पेपर मिसच तपासणार."

यावर मला काही उत्तर देता आलं नाही.