थांबेना, दिसेना, नाय

आहुप्याचा घाट मुरबाडकडे उतरतो. त्या कड्यावर पाऊस ‘थांबेना’, धुक्यात वाट ‘दिसेना’. ‘थांबत नाही’ ही नुसती माहिती. ‘थांबेना’त वाट पाहून थकलेला जीव ऐकू येतो. इथे नकाराचा ‘ना’ क्रियापदाच्या शेवटी आला आहे. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतही ‘कॅने’ (शकत नाही), ‘डिने’ (करत नाही) म्हणताना नकार असाच क्रियापदाच्या शेवटी चिकटतो. मराठी तो क्रियापदाच्या सुरुवातीलाही जोडते: नसतो, नव्हता, नये. ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 मध्ये, न आणि जाणणे मिळून ‘नेणे’ (जाणत नाही) झालेले दिसते. ही जोडणी आळसाची नाही, भाषेच्या घडणीतली आहे. ‘नाही’चे बोलीतले रूप ‘नाय’ही तसेच. म्हणून डोंगराकडच्या शाळांतल्या शिक्षकांना विनंती: प्रमाण ‘नाही’ जरूर शिकवा, पण मुलाचे ‘नाय’ अशुद्ध म्हणून खोडू नका.