बटणांचा फोन

शेताला रात्रीची लाइट येते तेव्हा मोटार चालू करायला निघालेल्या माझ्या थोरल्या भावाकडे बटणांचाच फोन असतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन. त्याच्या टॉर्चच्या उजेडात दादा बांध उतरतो. फोन चिखलात पडला तर सदऱ्याला पुसायचा, मागचं झाकण काढून बॅटरी वाळवायची, की झाला सुरू. हे वळण २००३ साली आलेल्या नोकिया ११०० चं: धूळ आत जाऊ नये असा कळफलक, घामेजल्या हातातूनही निसटणार नाहीत अशा कडा आणि डोक्यावर टॉर्च. वापरणाऱ्याची गरज ओळखून बनवलेला तो फोन जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. २०२२ पासून तर ‘यूपीआय १२३पे’मुळे इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. गेल्या दिवाळीत मीही तसाच फोन घेतला. एकदा चार्ज केला की चार दिवस बघावं लागत नाही. जेवताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी पुन्हा बघू लागलो, हा खरा लाभ. वस्तूने हाक मारली की कामाला यावं आणि काम झालं की खिशात गप्प बसावं, एवढंच माझं मागणं आहे.