उद्यानांसाठी जागा, निधी आणि कायदा आहे. नेतृत्व घडवण्याकडे मात्र दुर्लक्ष

मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकर जागेपैकी १२० एकर जागेवर सार्वजनिक उद्यान उभारण्याचा मार्ग महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मोकळा केला. या नियोजित उद्यानाचा उल्लेख ‘सेंट्रल पार्क’ असा होत आला आहे. न्यूयॉर्कच्या त्या उद्यानाचे नाव निघाले, की विस्तीर्ण हिरवळ, तळी आणि वृक्षराजी डोळ्यांपुढे येते. परंतु हेच उद्यान १९७० च्या दशकात जवळजवळ मोडकळीस आले होते. हिरवळीची माती झाली होती, वास्तूंची पडझड सुरू होती आणि सायंकाळनंतर तेथे पाऊल ठेवण्यास नागरिक धजावत नव्हते. ते सावरले कसे, हा प्रश्न आज भारतातील प्रत्येक महानगराने स्वतःला विचारावा, असा आहे. कारण उद्याने उभारण्याची घोषणा आपल्याकडे नियमितपणे होते. ती चालवणारी माणसे घडवण्याचा विचार क्वचितच होतो.

कायदा आणि निधी यांची बाजू

उद्यानांच्या बाबतीत धोरणांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे पुरवणे हे नागरी स्थानिक संस्थांच्या कार्यक्षेत्रातील काम म्हणून नोंदवले आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचे प्रमाण सुचवण्यात आले. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ अभियानाने ५०० शहरांमध्ये, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या बरोबरीने, हरित क्षेत्रे व विशेषतः बालकांसाठीची उद्याने यांना स्थान दिले. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, देशभरात २०० नागरी वने विकसित करण्याची ‘नगर वन’ योजना जाहीर झाली आणि पुण्यातील वारजे येथील वनाचा आदर्श म्हणून उल्लेख झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्येही २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः महिला, बालके, ज्येष्ठ आणि दिव्यांग नागरिकांना, सुरक्षित हरित जागा उपलब्ध व्हाव्यात, असे नमूद आहे.

या साऱ्या कागदपत्रांत जागेचे क्षेत्रफळ आहे, खर्चाची मर्यादा आहे, मुदतही आहे. मात्र उद्घाटनाची फीत कापल्यानंतर पुढील तीस वर्षे त्या उद्यानाची धुरा कोण वाहणार आणि त्या व्यक्तीची तयारी कोण करून घेणार, याविषयी फारसे काही आढळत नाही.

उद्यान अधीक्षकाचा बदललेला कार्यभार

महापालिकेच्या उद्यान विभागात येणारा अधिकारी बहुधा कृषी किंवा उद्यानविद्या शाखेचा पदवीधर असतो. माती, रोपवाटिका, कलमे, खते आणि कीडनियंत्रण यांचे त्याचे ज्ञान पक्के असते. परंतु वरिष्ठ पदावर पोहोचेपर्यंत त्याच्या कामाचे स्वरूप पूर्णतः पालटलेले असते. देखभालीच्या निविदा काढणे, कंत्राटदारांच्या कामाची तपासणी, माळी व सुरक्षारक्षकांच्या पाळ्या, उन्हाळ्यातील पाण्याची तजवीज, खेळण्यांची सुरक्षितता, बंद पडलेली स्वच्छतागृहे, हे सारे त्याच्याच टेबलावर येते. शिवाय क्रिकेट खेळणारी मुले आणि निवांत बसू इच्छिणारे ज्येष्ठ नागरिक, श्वानांना फिरवणारे आणि श्वानांना भिणारे, खुली व्यायामशाळा मागणारे लोकप्रतिनिधी आणि एकही झाड हलवू नका म्हणणारे पर्यावरणप्रेमी, यांच्यामधील तंटे सोडवण्याचे कामही त्यालाच करावे लागते.

महाराष्ट्रात या कार्यभारात आणखी एक भर पडते. नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार वृक्षतोडीच्या अर्जांची छाननी करणाऱ्या वृक्ष अधिकाऱ्याची जबाबदारी मुंबई, पुण्यासारख्या शहरांत उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांकडेच असते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण दिले. म्हणजेच मेट्रो, उड्डाणपूल किंवा इमारतींचा पुनर्विकास यांच्या संदर्भात उद्भवणाऱ्या सर्वांत तीव्र वादांत हा अधिकारी आपोआप ओढला जातो. त्याला कायदा, जनसुनावणी आणि वृत्तपत्रांचे प्रश्न या तिन्हींना सामोरे जावे लागते. कलमे बांधण्याच्या शिक्षणात यांपैकी काहीच शिकवलेले नसते.

लालबागेची परंपरा

बागेचे नेतृत्व जाणीवपूर्वक घडवता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. जर्मनीत जन्मलेले आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले गुस्ताव हर्मान क्रुंबिगल १८९३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानात दाखल झाले. तेथील उद्यानांची व्यवस्था पाहिल्यानंतर १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळुरूच्या लालबागेची सूत्रे त्यांच्याकडे आली. वर्षातील निरनिराळ्या महिन्यांत आलटून-पालटून फुलणारे वृक्ष रस्त्यांच्या कडेने लावण्याची त्यांची योजना आजही त्या शहराची ओळख आहे.

क्रुंबिगल यांच्यानंतर हा वारसा खंडित झाला नाही, हे अधिक महत्त्वाचे. त्यांच्यासोबत काम केलेले आणि क्यू येथे प्रशिक्षण घेतलेले एच. सी. जवराय यांनी लालबागेची धुरा सांभाळली. त्यानंतरच्या पिढीत क्यू येथील प्रशिक्षण आणि हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले एम. एच. मरीगौडा पुढे आले आणि राज्याच्या उद्यानविद्या विभागाचे संचालक झाले. हाताखालील माणसाला निवडायचे, त्याला बाहेर शिकायला पाठवायचे, परत आल्यावर त्याच्यावर विश्वासाने जबाबदारी सोपवायची, असा हा क्रम होता. त्याला त्या काळी ‘नेतृत्व विकास’ असे भारदस्त नाव कोणी दिले नव्हते. पण काम तेच होते.

या परंपरेची कसोटी आजही लागते. कर्नाटकात लालबाग व कब्बन पार्क यांच्या रक्षणासाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. तरीही २०२५ मध्ये हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या प्रस्तावित भुयारी रस्त्यासाठी लालबागेतील जागा वापरली जाण्याच्या शक्यतेवरून शहरात तीव्र विरोध उमटला. अशा प्रसंगी कायद्याचे कलम पुरेसे ठरत नाही. भूगर्भ, मुळे, पाणी आणि नागरिकांचा वापर यांचा हिशेब शासनापुढे ठामपणे मांडू शकणारा उद्यानप्रमुख लागतो.

न्यूयॉर्क आणि सिंगापूरचा अनुभव

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बदलाची सुरुवात एका पदनिर्मितीने झाली. १९७९ मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांची उद्यानाच्या पहिल्या प्रशासक म्हणून नियुक्ती झाली आणि १९८० मध्ये नागरिक व महापालिका यांच्या भागीदारीतून सेंट्रल पार्क कॉन्झर्वन्सी ही संस्था स्थापन झाली. तोपर्यंत ८४३ एकरांच्या या उद्यानाला सर्वस्वी उत्तरदायी अशी एकही व्यक्ती नव्हती. पुढे १९९० च्या दशकात संपूर्ण उद्यानाची विभागणी ४९ क्षेत्रांत करण्यात आली आणि प्रत्येक क्षेत्र एका माळ्याच्या नावावर झाले. कोणत्या हिरवळीबद्दल कोणाला विचारायचे, हे त्यामुळे ठरून गेले. नेतृत्व केवळ वरच्या खुर्चीत नसते, बागेत उभ्या असलेल्या माळ्यातही ते रुजवावे लागते, हे या व्यवस्थेमागील सूत्र होय. याच संस्थेने पुढे इतर उद्यानांच्या व्यवस्थापकांना शिकवण्याचे कामही हाती घेतले.

अर्थात या नमुन्याला दुसरी बाजू आहे. कॉन्झर्वन्सीचा मोठा निधी खासगी देणग्यांतून येतो आणि श्रीमंत वस्तीलगतच्या उद्यानाला मिळणारा पैसा गरीब वस्तीतील उद्यानाला मिळत नाही, ही टीका अमेरिकेतच वारंवार झाली आहे. मुंबईत मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जो वाद झाला, त्याच्या मुळाशीही सार्वजनिक जागा सर्वांची राहील काय, हीच शंका होती. म्हणून उचलायचे ते उत्तरदायित्वाचे तत्त्व. देणगीदारांवर विसंबण्याची पद्धत जशीच्या तशी आणणे हिताचे नाही.

अमेरिकेत या क्षेत्राला व्यवसाय म्हणून मान्यता मिळण्यामागे आणखी एक कारण आहे. १९६५ मध्ये पाच संघटनांच्या विलीनीकरणातून स्थापन झालेली राष्ट्रीय उद्यान व मनोरंजन संघटना या क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी त्याहून वरच्या पातळीचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. अर्थसंकल्प, मनुष्यबळ आणि लोकसंपर्क हे विषय तेथे उद्यान चालवण्याच्या मूळ कौशल्यातच मोडतात.

सिंगापूरने हेच काम शासनाच्या माध्यमातून केले. १९६७ मध्ये ‘उद्याननगरी’चा संकल्प सोडणाऱ्या या देशाने १९९० मध्ये राष्ट्रीय उद्यान मंडळ आणि २००७ मध्ये त्याच्या अंतर्गत नागरी हरितीकरणाचे प्रशिक्षण देणारे केंद्र स्थापन केले. कामगारापासून पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकापर्यंतच्या पायऱ्या तेथे आखलेल्या आहेत. या तयारीचे फळ बिशान-आंग मो किओ उद्यानात पाहावयास मिळते. तेथील काँक्रीटचा सरळ कालवा काढून २०१२ मध्ये त्याच जागी वळणे घेत वाहणारी नदी निर्माण करण्यात आली. पावसात पाणी पसरते, ओसरल्यावर त्याच काठावर मुले खेळतात. अशा उद्यानाच्या प्रमुखाला जलशास्त्र, सुरक्षितता आणि शेजारच्या रहिवाशांचे समाधान या तिन्हींची समज असणे अपरिहार्य ठरते.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

भारतीय महापालिकांच्या संदर्भात एक आक्षेप हमखास घेतला जातो. माळ्यांची पदे रिक्त असताना, नळाला पाणी नसताना नेतृत्वाच्या शिबिरांचे काय करायचे, असे विचारले जाते. या प्रश्नात तथ्य आहे. प्रशिक्षण हे रिक्त पदांचे उत्तर होऊ शकत नाही, आणि दोन दिवसांच्या व्याख्यानांनी कोणी नेता होत नाही. मात्र याच प्रश्नाला दुसरा पदरही आहे. अर्थसंकल्पाच्या बैठकीत उद्यान विभागाची मागणी सर्वांत आधी कापली जाते, कारण ती आकडेवारीनिशी मांडणारा आणि रोज किती नागरिक बाग वापरतात, हे सांगू शकणारा अधिकारी विरळा असतो. पदे आणि पाणी मिळवण्यासाठीही सक्षम नेतृत्वच लागते.

त्यातच उद्यानप्रमुखाची बदली कधी होईल, याचा भरवसा नसतो. एखादे झाड मोठे होण्यास वीस वर्षे लागतात. ते लावणारा अधिकारी अनेकदा दोन पावसाळेही त्या बागेत राहत नाही. शिकवून तयार केलेला माणूस त्या जागी टिकणार नसेल, तर शिकवण्याचा खर्च व्यर्थ जातो. तिकडे वीस-पंचवीस वर्षे एकाच बागेत राबलेला माळी त्या मातीची नस ओळखून असतो. परंतु त्याच्यासाठी पुढची पायरीच नसेल, तर त्याचे ज्ञान निवृत्तीबरोबर घरी जाते.

पुढील वाट

साधने नव्याने उभारण्याची गरज नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी मान्यता दिलेल्या ‘मिशन कर्मयोगी’चा गाभाच मुळी असा आहे, की प्रशिक्षण नियमांऐवजी भूमिकेवर आधारित असावे. त्या न्यायाने ‘शहराचा उद्यानप्रमुख’ ही भूमिका आधी नीट लिहून काढावी लागेल. मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, पुण्यातील ‘यशदा’ आणि कृषी विद्यापीठे यांनी एकत्र येऊन त्या भूमिकेसाठी अभ्यासक्रम आखल्यास तो व्यवहार्य ठरेल. त्यात एका शहराच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या शहराच्या बागेत काही महिने प्रत्यक्ष काम करणे, माळ्यांसाठी पर्यवेक्षकपदापर्यंतची निश्चित वाट आणि उद्यानप्रमुखाला किमान कार्यकाळाची हमी, या तीन गोष्टींचा अंतर्भाव आवश्यक आहे.

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्यातून व तत्सम योजनांतून उभी राहिलेली उद्याने आता महापालिकांच्या स्वतःच्या बळावर जगायची आहेत. महालक्ष्मीच्या १२० एकरांचेही भवितव्य याहून वेगळे असणार नाही. आराखडा तयार होईल, निविदाही निघतील. त्याच वेळी या उद्यानाचा प्रमुख कोण, त्याला अधिकार कोणते आणि त्याच्या हाताखाली पुढचा प्रमुख कोण तयार होत आहे, हेही ठरवले गेले, तरच ‘सेंट्रल पार्क’ हे नाव मुंबईकरांना सार्थ वाटेल.