पापलेटचं झाड

मेसच्या ताटात कधी न दिसणारं पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. सातपाटीला उतरून बोईसरच्या बाजारात येणाऱ्या या माशाला पुस्तकं वर्षानुवर्षं पँपस अर्जेंटियस म्हणत होती. डीएनएवरून वंशवृक्ष काढले, तेव्हा आपलं पापलेट वेगळ्याच फांदीवर निघालं आणि क्युव्हिएचं १८२९ मधलं कँडिडस हे नाव परत आलं.

पण झाड काढायचं कसं? १९८७ ची नेबर-जॉइनिंग म्हणजे आपला ग्रीडी अल्गोरिदम. फरकांचा तक्ता घेते, जोड्या लावत सुटते, मागे वळून बघत नाही. मॅक्सिमम लाइकलीहुड प्रत्येक झाडाला विचारते, तू खरं असशील तर हा डीएनए मिळण्याची शक्यता किती? फक्त १० जातींची मूळ न ठरवलेली झाडंच २०,२७,०२५ होतात! त्यामुळे तीही सगळी तपासत नाही, शोधत फिरते.

प्रोजेक्टला पहिलंच बटण दाबून रंगीत झाड चिकटवणं मला पटत नाही. फांद्या लांब असल्या की काही पद्धती परक्यांनाही भावंडं ठरवतात, आणि वर बूटस्ट्रॅप १०० दाखवतो. साहजिकच आहे, पद्धतच फसली तर ती हजार वेळा तशीच फसणार. निदान दोन पद्धतींची झाडं शेजारी छापा. जिथे जुळत नाहीत, व्हायव्हात सर तिथेच बोट ठेवतील.