घड्याळ घ्यावे, पण मागून पाहून

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांत घड्याळांच्या जाहिरातींना जो बहर येतो, त्यात अलीकडे एका शब्दाची चलती आहे. तो शब्द म्हणजे ‘क्लासिक’. पांढरी किंवा मोतिया तबकडी, बारीक काटे, रोमन आकडे, तपकिरी कातडी पट्टा एवढा सरंजाम जमला की घड्याळ क्लासिक झाले, असा व्यापाऱ्यांचा समज दिसतो आणि गिऱ्हाइकानेही तो निमूटपणे मान्य केलेला आहे. वेळ कळावी म्हणून आता घड्याळ घेण्याची गरज कोणालाच उरलेली नाही. ते काम खिशातला मोबाइल अधिक अचूकपणे करतो. तरीही शिक्षक, कारकून, नुकतीच नोकरी लागलेला मुलगा बोनसच्या पैशातून घड्याळ घेतो, तेव्हा त्याला टिकणारी, उद्या मुलाच्या हाती देता येईल अशी वस्तू हवी असते. नेमकी हीच अपेक्षा हेरून त्याला केवळ चेहरा विकला जात आहे, ही आमची तक्रार आहे.

ज्या जुन्या घड्याळांची ही नक्कल चालली आहे, त्यांचा साधेपणा हा काही कोणा कलावंताचा अट्टहास नव्हता. १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ-कारखाना उभा राहिला, तेव्हा या देशात मनगटी घड्याळ ही जवळजवळ चैनीचीच वस्तू होती. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड अशी स्विस नावे शहरांतील ठरावीक घरांतच दिसत. आयातीवर निर्बंध असल्यामुळे चोरट्या मार्गाने घड्याळे येत, आणि हा प्रकार इतका बोकाळलेला होता की १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील १२३ व्या कलमात सोन्याच्या जोडीने घड्याळांचा नामनिर्देश करावा लागला. चोरटा माल असल्याच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर तो चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर! अशा काळात ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावे मध्यमवर्गाच्या घरात आली. लग्नात जावयाला ‘कांचन’ देण्यासाठी वशिले लावावे लागत. निवृत्तीच्या समारंभातही घड्याळच दिले जाई. वेळेचे बंधन ज्या दिवशी सुटते त्याच दिवशी हातावर घड्याळ बांधण्याची ही प्रथा कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे!

ती घड्याळे आजही अनेकांच्या कपाटात आहेत, आणि थोडी साफसफाई केली तर चालतात. याचे रहस्य त्यांच्या तबकडीत नाही. चावी दिली की आतली पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चाकांना गती देते आणि मागेपुढे फिरणारा बॅलन्स त्या गतीला आवर घालतो. ‘जनता’मध्ये तो तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. तबकडीवर मिरवणारे ‘१७ ज्युवेल्स’ हेही दागिने नव्हेत. ती चाकांचे आस घर्षणाशिवाय फिरावेत म्हणून बसवलेली कृत्रिम माणके होत; त्यांना सोनाराकडे काडीचीही किंमत नाही. ही सारी रचना डोळ्यांना दिसणारी, चिमट्याने उचलता येणारी आहे. एखादा भाग झिजला तर तेवढाच बदलायचा. चार-पाच वर्षांनी उघडून धुवायचे, तेलाचा थेंब द्यायचा आणि पुन्हा बंद करायचे. यातील कौशल्य तालुक्याच्या गावी जिन्याखाली काचेची पेटी मांडून बसलेल्या, डोळ्याला भिंग लावलेल्या माणसापाशी होते. ते घड्याळ अभिजात ठरले ते त्या माणसाच्या भरवशावर.

म्हणून क्वार्ट्झ घड्याळांना नावे ठेवण्याचा शिष्टाचार आम्हांला मान्य आहे असे नव्हे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानात विक्रीला काढले, तेव्हापासून अचूकतेचा प्रश्न निकालात निघाला. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकापुढे पाच ठोक्यांचा बॅलन्स काय टिकणार? चावीचे चांगले घड्याळही दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढेमागे होते. साध्या क्वार्ट्झला तेवढे चुकायला महिना लागतो. १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन स्थापन झाली आणि होसूरच्या कारखान्यातील तिची घड्याळे बाजारात येताच तिने देशातील घड्याळाची रुचीच पालटली, ती या तंत्राच्या जोरावर. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे तंत्र वरदानच ठरले. नखाएवढे यंत्र असलेली चावीची घड्याळे फार नाजूक असत, आणि दुरुस्त करणाराही ती हाती घेताना कुरकुर करी. एचएमटीला मात्र ही नवी चाल साधली नाही. सरकारी कारभाराची मंदगती तिला भोवली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास संमती दिली.

तेव्हा आक्षेप क्वार्ट्झवर नाही, सोंगावर आहे. आज ‘क्लासिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक घड्याळांत मोठ्या केसच्या आत एक चिमुकले, स्वस्तातले यंत्र प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेले असते. तबकडीवर तीन छोट्या तबकड्या दिसतात, पण त्यांचे काटे नुसते रंगवलेले! सोन्यासारखी झळाळी हा मिश्रधातूवरचा पातळ मुलामा असतो, आणि मुंबई-कोकणच्या घामट हवेत तो दोन पावसाळ्यांत उडतो. मागे ‘३० मीटर’ असे कोरलेले वाचून कोणी विहिरीत उडी घेऊ नये. त्याचा अर्थ हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील, एवढाच आहे. रोमन आकड्यांत चारच्या जागी चार उभ्या रेघा दिसल्या तर मात्र ती फसवणूक समजू नये. घड्याळांच्या तबकडीवर तीच जुनी रीत आहे.

याहून मोठी फसवणूक जुन्या घड्याळांच्या नावाने चालते, आणि तिचा संबंध आपल्या राजधानीशी आहे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. जगभरच्या शौकीन संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. एका घड्याळाची केस, दुसऱ्याचे यंत्र, तिसऱ्याचे काटे आणि नव्याने रंगवलेली तबकडी असे कडबोळे करून ‘जुने स्विस’ किंवा ‘दुर्मिळ एचएमटी’ म्हणून खपवलेला माल, असा त्याचा अर्थ. मूळ कारखान्याने कधी न वापरलेले भडक निळे-तांबडे रंग, जाड आणि किंचित वाकडी अक्षरे, तबकडीवर एक नाव आणि आतल्या यंत्रावर भलतेच, या त्याच्या खुणा होत. संगणकाच्या पडद्यावर चित्र पाहून पैसे धाडणाऱ्या तरुणाला या खुणा दिसत नाहीत, कारण त्याला फक्त पुढची बाजू दाखवली जाते. आतल्या यंत्राचे छायाचित्र मागावे. विकणारा टाळाटाळ करू लागला तर सौदा तिथेच सोडावा. जोडकाम करणाऱ्या कारागिराला दोष देण्याचे मात्र कारण नाही. मोडक्या घड्याळांतून एक चालते घड्याळ उभे करणे हे कसबच आहे. ते जोडलेले आहे असे सांगून, जोडलेल्याच्या किमतीत विकले तर त्यात गैर काय?

खरा प्रश्न त्या कारागिराचाच आहे. नव्या घड्याळांचे सुटे भाग कंपन्या बाहेर देत नाहीत. सेल बदलण्यापलीकडे त्याच्या हाती काम ठेवलेले नाही, आणि सेल बदलण्याच्या कमाईवर त्याचा मुलगा त्या पेटीमागे बसणार नाही हे उघड आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. घड्याळ ही वस्तू त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. ट्रॅक्टरच्या मानाने घड्याळ क्षुल्लक, हे मान्य. पण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिराला मिळाली पाहिजे, हे तत्त्व ट्रॅक्टरला लागू असेल तर घड्याळाला का नसावे? ग्राहक पंचायतींनी या मुद्द्याचा पाठपुरावा करण्यासारखा आहे.

तोपर्यंत गिऱ्हाइकाने आपला परीक्षेचा क्रम उलटा करावा, असे आम्हांला वाटते. तबकडीवरून भाळण्यापूर्वी घड्याळ पालथे करावे. मागचे झाकण उघडते काय, केस पोलादाची आहे की मुलाम्याची, यंत्र कोणत्या कंपनीचे, हमी संपल्यावर दुरुस्ती कोठे होईल आणि पट्टा नेहमीच्या मापाचा आहे की त्याच कंपनीकडून दरवेळी घ्यावा लागेल, हे प्रश्न विचारावेत. आकाराचा मोह आवरावा. जुनी घड्याळे पस्तीस मिलिमीटरच्या आसपास असत आणि सदऱ्याच्या बाहीखाली सहज जात. आजची थाळी कफाला अडकते. रोजच्या वापराला साधे पोलादी क्वार्ट्झ उत्तम. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्याला तर तेच घ्यावे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत साधे मनगटी घड्याळ चालते, स्मार्ट घड्याळ चालत नाही. ‘नीट’ला मात्र कोणतेच चालत नाही, तेव्हा त्या परीक्षेसाठी म्हणून घड्याळाचा खर्चच नको. वर्षानुवर्षे जपायचे असेल, सकाळी उठून चावी देण्याचा नेम पाळता येत असेल, तर मात्र चावीचे घ्यावे. आणि वडिलांचे जुने घड्याळ कपाटात पडलेले असेल तर नव्याच्या आधी ते दुरुस्त करून पाहावे. निम्म्याहून कमी पैशात काम भागेल आणि एका कारागिराची दिवाळी होईल.

एक व्यवहाराची गोष्ट. ही खरेदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी करू नये. त्या गर्दीत कोणताही दुकानदार मागचे झाकण उघडून दाखवणार नाही.